चिंचोक्यांचं दान

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. लग्न झाल्यापासून तुम्ही स्वतःसाठी शेवटच्या कधी खेळलात? मुलांना खेळवलं ते धरायचं नाही. हळदीकुंकवातली संगीत खुर्ची नाही की मंडळातली चमचा-लिंबूही नाही. चारचौघींबरोबर मांडी घालून, पदर खोचून, जिंकायच्या ईर्षेनं खेळलात का? आमच्या गल्लीत मी हा प्रश्न विचारला तेव्हा बहुतेकींनी "शाळेत असताना" असंच उत्तर दिलं. एक जण तर म्हणाली, "मंगळागौरीला फुगडी घातली होती, तीसुद्धा सासूबाईंनी ढकललं म्हणून!"

आम्ही मात्र आता खेळतो, आणि तेही गल्लीत, ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देखत. आणि खेळतो काय, तर फासे! दचकू नका. फासे म्हणजे चार चिंचोके. पण या चार चिंचोक्यांनी आमच्या गल्लीत काय काय उलथापालथ केली, ते सांगायलाच आज बसले आहे.

आमचं गाव बार्शी. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळला आणि चार संध्याकाळी अंधारात गेल्या. टीव्ही बंद, पंखा बंद, मोबाइलची चार्जिंग संपलेली. घरात उकाड्यानं जीव नकोसा, म्हणून सगळ्या जणी ओट्यावर. पहिल्या दिवशी लाइट कधी येणार यावर चर्चा झाली, दुसऱ्या दिवशी भाज्यांच्या भावावर. तिसऱ्या दिवशी बोलायला काही उरलं नाही. तेव्हा कोपऱ्यावरच्या आक्का उठल्या, चुलीतला कोळसा घेऊन आल्या आणि आमच्या शहाबादी फरशीवर त्यांनी रेघा ओढायला सुरुवात केली.

आक्कांचं वय सत्तरीच्या पुढं. माहेर विजापूरकडचं, त्यामुळं बोलण्यात अजून कानडी हेल. उभे पाच, आडवे पाच असे पंचवीस चौकोन त्यांनी काढले. चारी बाजूंच्या मधल्या घरात फुली मारली, अगदी मध्यभागीही एक फुली. मग म्हणाल्या, "आमच्याकडं ह्याला चौकाबारा म्हणत्यात. तुमच्याकडं चल्लस-आठ. नावं काय का असंनात, बसा चौघी."

नंतर मला कळलं की या एका पटाची नावं तरी किती! आंध्र-तेलंगणात अष्टा चम्मा, तमिळनाडूत दायम. नाव बदलतं, घरं कमी-जास्त होतात, पण कवड्या किंवा चिंचोके टाकून सोंगटी मधल्या घरात न्यायची हे सगळीकडं सारखंच.

आता खेळायचं कसं ते सांगते, म्हणजे वाचता वाचता तुम्हालाही मांडता येईल.

आधी फासे तयार करायचे. चार टपोरे चिंचोके घ्यायचे आणि एका बाजूनं खरबरीत दगडावर घासायचे. वरचं तपकिरी साल गेलं की आतला पांढरा भाग दिसतो. घासलेला चिंचोका चांगलाच तापतो बरं का! लहानपणी शेजारणीच्या दंडाला तो टेकवून चटका दिलेला तुम्हालाही आठवत असेल. आमच्या ओट्यावरही पहिल्याच दिवशी हा प्रकार झाला. चटका देणारी बाई पन्नाशीची होती आणि खाणारी पंचेचाळिशीची.

चिंचोक्यांऐवजी कवड्याही चालतात. तुळजापूर आम्हाला जवळ, त्यामुळं कवड्यांना तोटा नाही. पण आक्कांनी पहिल्यांदाच बजावलं, "देवीच्या माळंतली कवडी खेळात घ्यायची नाही. खेळाची कवडी येगळी, पूजेची येगळी." म्हणून आम्ही चिंचोकेच ठेवले.

चारही चिंचोके मुठीत घेऊन खुळखुळवायचे आणि टाकायचे. जितके पांढरे वर, तितकं दान. एक पांढरा तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन. चारही पांढरे पडले की चार. आणि एकही पांढरा नाही, सगळे काळेच, तर चक्क आठ! मला ही गोष्ट फार आवडली. काहीच पडलं नाही तर शून्य मिळायला हवं ना? इथं ते सगळ्यात मोठं दान! चार किंवा आठ पडलं की आणखी एकदा टाकायला मिळतं.

प्रत्येकीच्या चार सोंगट्या. आमच्याकडं एकीचे बांगडीचे तुकडे, एकीचे मक्याचे दाणे, एकीची शर्टाची बटणं आणि माझे खडे. सोंगट्या आपल्या फुलीच्या घरातून निघतात. आपल्या उजव्या हाताला वळून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं, बाहेरच्या घरांमधून पुढं जायचं. फेरी पूर्ण होत आली की आपल्या फुलीच्या अलीकडच्या घरातून आत वळायचं. आतली आठ घरं मात्र काट्यांच्या दिशेनं चालायची आणि शेवटी मधल्या फुलीत. तिथं पोचली की सोंगटी पिकली. ज्या बाईच्या चारही सोंगट्या आधी पिकतील, ती जिंकली. मधल्या घरात जायला नेमकं हवं तेवढंच दान पडावं लागतं. दोन हवे असताना तीन पडले तर ती सोंगटी बसली तिथंच.

वाटेत दुसरीच्या सोंगटीच्या घरात आपली सोंगटी पडली की तिची मेली. ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून निघणार. आणि मारणाऱ्या बाईला आणखी एक दान. फुलीच्या घरात मात्र कुणी कुणाला मारायचं नाही. तिथं चौघींच्या सोंगट्या एकत्र बसल्या तरी चालतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. जोपर्यंत तुम्ही कुणाची एक तरी सोंगटी मारली नाही, तोपर्यंत तुम्हाला आतल्या घरांत जाता येत नाही. बाहेरच्या बाहेर फेऱ्या मारत राहायचं. हे ऐकल्यावर आमच्यातल्या निम्म्या जणी गप्प झाल्या. "मला नाही बाई कुणाची मारायची," असं एक वहिनी खरंच म्हणाल्या. आक्का हसल्या. "मग फिर बाहेरच. जन्मभर फिरलीस तसं."

आक्कांची शिकवायची पद्धत म्हणजे न बोलता शिकवायची. आपण चुकीची सोंगटी उचलली की त्या नुसत्या "हं" करायच्या. त्या "हं"चे चार-पाच प्रकार ओळखू येईपर्यंत माझे आठ दिवस गेले. हळूहळू एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. एकच सोंगटी पुढं दामटायची नाही, कारण ती मेली की सगळी मजल वाया जाते. मागच्या बाईच्या सोंगटीपुढं दोन घरांवर थांबायचं नाही. शक्यतो फुलीवर जाऊन बसायचं. आणि दान पडण्याआधीच मनात ठरवायचं, की एक पडलं तर कुठली, दोन पडलं तर कुठली.

दोन घरांवर का थांबायचं नाही, याचं कारण आमच्यातल्या शाळेच्या बाईंनी सांगितलं. त्या गणित शिकवतात. त्यांनी कोळशानंच बाजूला मांडून दाखवलं. चार चिंचोके, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे एकूण सोळा तऱ्हांनी ते पडू शकतात. त्यातल्या सहा तऱ्हांत दोनचं दान येतं, चार तऱ्हांत एकचं आणि चार तऱ्हांत तीनचं. चारचं दान एकाच तऱ्हेनं आणि आठचंही एकाच तऱ्हेनं. सगळ्यांची सरासरी काढली तर एका दानाला अडीच घरं. एका सोंगटीला घरापासून मध्यापर्यंत चोवीस पावलं, चार सोंगट्यांना शहाण्णव. म्हणजे एकही सोंगटी मेली नाही आणि एकही दान वाया गेलं नाही, तरी प्रत्येकीला सुमारे अडतीस-एकोणचाळीस वेळा टाकावं लागणार. "चिंचोका काही नाण्यासारखा दोन्हीकडून सारखा नसतो, तेव्हा थोडं इकडं-तिकडं होईल," हेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांचा पाचवीतला मुलगा हे सगळं शेजारी बसून ऐकत होता. वर्गात न कळलेली सरासरी त्याला ओट्यावर कळली!

लाइट आली तरी आमचा खेळ थांबला नाही. जेवणाआधीचा तासभर आम्ही ठरवूनच बाहेर बसायला लागलो. आणि मग व्हायचं तेच झालं. गल्लीत कुजबुज सुरू झाली. "बायका रस्त्यावर जुगार खेळायला लागल्या." पुरुष त्याच कोपऱ्यावर रोज पत्ते कुटत बसतात, ते कुणाला दिसत नाही. त्याचं मला वाईट वाटलं नसतं. पण माझ्या घरातूनच विरोध आला, तोही सासूबाईंचा.

आमच्या घरात फासा, कवडी, पट हे शब्दच कुणी काढत नव्हतं. सासूबाईंच्या वडिलांनी जत्रेतल्या जुगारात दोन एकर विहिरीची जमीन घालवली होती. सासूबाई तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या. त्यांची शाळा तिथंच सुटली, कारण त्यांना आईबरोबर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावं लागलं. आज त्यांचं वय ऐंशीच्या घरात आहे, पण त्या विहिरीचं पाणी कसं गोड होतं ते अजून सांगतात. मी ओट्यावर बसले की त्या दारात पाट टाकून बसायच्या, पटाकडं पाठ करून. एक शब्द बोलायच्या नाहीत. त्या पाठीकडं बघून माझ्या मुठीतले चिंचोके जड व्हायचे.

विरोध करणाऱ्या आणखी एक होत्या, शिलाईकाम करणाऱ्या वहिनी. त्या रोज यायच्या, मशीनवरचं काम हातात घेऊन हुक-काजं करत बसायच्या, पण खेळायला या म्हटलं की मान हलवायच्या. एका संध्याकाळी आम्ही फार आग्रह केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांच्या मिस्टरांना मोबाइलवर पैसे लावून खेळायचं व्यसन लागलं होतं. आधी पन्नास रुपये, मग पाचशे. मग घरातली अंगठी, मग मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे. पहाटे तीनला पांघरुणाच्या आत मोबाइलचा उजेड दिसायचा. "तुम्ही चिंचोके टाकता ना, तर मला तोच आवाज येतो, त्या मोबाइलचा," त्या म्हणाल्या. दोन वर्षं त्यांनी हे माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी डाव तसाच राहिला. पण आम्ही उठलो नाही. शाळेच्या बाईंनी माहिती सांगितली, की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. पण कायद्यानं आधीचं कर्ज फिटत नाही आणि सवयही एका दिवसात सुटत नाही. बचत गट चालवणाऱ्या वहिनींनी विचारलं, "शिलाईचे पैसे कुठल्या खात्यात जातात?" ते मिस्टरांच्या खात्यात जात होते. दुसऱ्याच आठवड्यात आमच्यातल्या दोघी बरोबर गेल्या आणि वहिनींनी स्वतःच्या एकटीच्या नावानं खातं उघडलं. मिस्टरांच्या थोरल्या भावाला घरी बोलावून सगळं स्पष्ट सांगितलं. जिल्ह्याच्या ठिकाणी व्यसनांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडं मिस्टर आता जातात. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पण मुलीची फी भरली गेली, आणि ती वहिनींच्या खात्यातून.

त्याच संध्याकाळी आक्कांनी आमच्या पटाचा नियम केला. "ह्या पटाला पैसा शिवायचा नाही. रुपया नाही, सुपारीसुद्धा नाही." हरणारी बाई दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा करते, तेवढंच. खेळ आणि जुगार यांच्यात फरक काय, तर डावावर काय लावलंय तो. आपल्याकडं जुगाराविरुद्धचा कायदा १८८७ सालापासून आहे. पण त्याच्याही आधीपासून आपल्या आयाबायांना हा फरक चांगला ठाऊक होता.

कारण बघा, फाशांशी आपलं नातं फार जुनं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक जुगारी स्वतःची दशा सांगतो, असं सूक्त आहे. तेव्हा बेहड्याच्या फळांचे फासे करत. त्या जुगाऱ्याची बायको त्याला सोडून जाते, सासू त्याचा तिरस्कार करते. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही घरोघरी हेच! महाभारतातलं द्यूत तर आपल्याला माहीतच आहे. तिथं पणाला लागली ती एक बाई, आणि "आधी स्वतः हरलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठला?" हे भर सभेत विचारलं तेही तिनंच.

पण दुसरी बाजूही आहे. वेरूळला गेलात तर एकवीस नंबरच्या, रामेश्वर लेण्यात जरूर थांबा. तिथं शिव-पार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत. कोजागरीच्या व्रतात रात्री जागरण करून अक्षक्रीडा, म्हणजे फाशांचा खेळ, खेळायला सांगितलं आहे. दिवाळीच्या पाडव्याला तर द्यूतप्रतिपदा असंच नाव आहे. इंग्रजांनी आपली पचीसी उचलली, घनाकार ठोकळ्याचा फासा जोडला आणि ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं. तोच आपला ल्यूडो! आपल्या ओसरीवरचा खेळ परदेशी जाऊन पुठ्ठ्याच्या खोक्यातून परत आला आणि आपण तो पैसे देऊन विकत घेतला. 'पासे पलटले', 'डाव उलटला', 'पट मांडला' हे शब्द रोज बोलतो, पण ते कुठून आले ते विसरून गेलो.

ही वेरूळची गोष्ट मी एका रात्री सासूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "देवांचं देवांना शोभतं." विषय संपला.

मग श्रावणात एका संध्याकाळी खेळ अगदी रंगात आला होता. माझ्या तीन सोंगट्या पिकल्या होत्या आणि चौथी आतल्या घरांत होती. समोर आक्कांच्याही तीन पिकलेल्या. शाळेच्या बाईंची एक सोंगटी मारून मला जादा दान मिळालं होतं आणि मी मूठ खुळखुळवत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "टाकू नको अजून. आधी चिंचोके पूस. घामानं चिकटल्यात."

सासूबाई! पाठ पटाकडं नव्हती, तोंड होतं. किती दिवसांपासून तसं होतं कुणास ठाऊक. मी चिंचोके पदराला पुसले आणि टाकले. तीन पडले. मला हवे होते दोन. सगळ्या हळहळल्या. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या आईला आठ पाडता यायचं. म्हणेल तेव्हा. आमच्या वाड्यात तिच्याशी कुणी खेळायचं नाही."

आम्ही ऐकतच राहिलो. सत्तर वर्षांत त्यांनी वडिलांच्या फाशांबद्दल अनेकदा सांगितलं होतं, पण आईच्या फाशांबद्दल पहिल्यांदाच. जमीन गेली त्या वर्षी त्यांच्या आईनं कवड्या विहिरीत टाकल्या आणि पुन्हा कधी पट मांडला नाही. जुगार वडिलांनी केला, आणि खेळ मात्र आईचा बंद झाला. आम्ही बायका असंच करतो ना? दुसऱ्यानं केलेल्या उधळपट्टीची भरपाई आपल्या छोट्याशा सुखातून करतो आणि त्यालाच शहाणपण म्हणतो.

आक्कांनी काही न बोलता आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. "या काकू." सासूबाई लगेच आल्या नाहीत. चार-पाच दिवसांनी आल्या. खाली बसवत नाही म्हणून पाटावर बसल्या. मुठीत चिंचोके घेतले आणि बराच वेळ नुसते खुळखुळवत राहिल्या. पहिलं दान एकचं पडलं! पण नंतर त्यांनी माझ्या दोन सोंगट्या मारल्या, तेही अगदी निर्विकार चेहऱ्यानं. शिलाईच्या वहिनी अजून खेळत नाहीत. त्या हुक-काजं करत गुण मोजतात, आणि कुणी खोटं मोजलं तर बरोबर पकडतात. त्यांना कुणी आग्रहही करत नाही. त्यांना वाटेल तेव्हा त्या खेळतील, नाही वाटलं तरी ओट्यावरची त्यांची जागा त्यांचीच आहे.

गल्लीतली कुजबुज आता थांबली आहे. ऐंशीच्या घरातल्या बाईला 'जुगारी' म्हणायची कुणाची हिंमत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे आता कुजबुजणाऱ्यांच्याच घरातल्या बायका येतात. पट दोन मांडावे लागतात.

तर मैत्रिणींनो, चिंचेचा मोसम आला की वर्षाची चिंच फोडून, मीठ लावून ठेवाल, तेव्हा चिंचोके फेकून देऊ नका. चार टपोरे बघून बाजूला काढा. खेळायला बसण्याआधी नियम ठरवून घ्या, कारण प्रत्येकीच्या माहेरचे नियम वेगळे असतात आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. लागोपाठ तीनदा चार किंवा आठ पडलं तर दान बाद धरायचं की नाही, हेही आधीच बोलून घ्या. पैसा लावू नका. घरातल्या म्हाताऱ्या बाईला आधी विचारा, तिला नक्की काहीतरी येत असेल. आणि एकही पांढरा पडला नाही तर लगेच हिरमुसू नका, नीट मोजा. ते आठचं दान असतं!